टोनचं बटण आणि वेशीवरचा वाघोबा

माझ्या स्वतःच्या लग्नात, अंगाला हळद, कपाळाला बाशिंग आणि हातात सुरी अशा अवस्थेत मी पाटावरून उठलो आणि भोंग्याच्या मशीनचं टोनचं बटण फिरवायला गेलो. सासऱ्यांनी नेमकी तेवढी एकच गोष्ट करू नकोस म्हणून बजावलं होतं.

या चुकीचं समर्थन करणार नाही. पण ती समजायला आधी थोडा धंदा समजून घ्यावा लागेल, आणि आमचा धंदा समजून घ्यायचा तर थोडी चिडचिड ऐकावी लागेल. माझ्याकडे दोन्ही भरपूर आहे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत भोंगे लावण्यात उमर गेली. एवढ्या वर्षांत लोकांना काय ऐकायला आवडतं ते मला चांगलं कळलं, आणि तेव्हापासून लोकांविषयी माझं मत फारसं बरं राहिलेलं नाही.

परवा पुतण्याने इक्वलायझर विकत आणला. शहापुरात त्याची मंडपाची आणि 'साउंड'ची सर्व्हिस आहे. पेटीच्या तोंडावर सरकत्या दांड्यांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर लुकलुकणारा दिवा. त्याने दोन्ही टोकांच्या दांड्या वर चढवल्या, मधल्या खाली पाडल्या. पेटी हसल्यासारखी दिसायला लागली.

"हे असं कशाला?" मी विचारलं.

"सगळे असंच ठेवतात, काका. भारी दिसतं."

दिसतं! अरे, कानाच्या वस्तूला डोळ्यांनी काय जोखतोस? मधल्या दांड्यांत माणसाचं बोलणं असतं, तेच पाडलंस. एका अंगाला ढोल, दुसऱ्या अंगाला झांज आणि मध्ये माणूस गायब. पण आमच्या वेळची माणसं शहाणी होती अशी कुणाची समजूत असेल तर तीही काढून टाकतो. आमच्याकडे दांड्या नव्हत्या म्हणून आम्ही गाढवपणा कमी केला, इतकंच. हत्यार लहान होतं.

आवाजाला बूड असतं, मध्य असतो आणि शेंडा असतो. ढोलाची थाप, म्हशीचं हंबरणं बुडात. माणसाचं बोलणं मध्ये. त्या बोलण्याला स, च, त, क यांची जी धार येते ती शेंड्यात. बांगड्यांची किणकिण, सुपातल्या भाताची सळसळ तिथेच. कुजबुजीला तर बूड नसतंच, ती सगळी शेंड्यावर चालते. शेंडा छाटला की आवाज गोड, गुबगुबीत होतो आणि एक शब्द कळत नाही. बूड छाटलं की शब्द न् शब्द कळतो, पण माणूस पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो. यातलं काय किती ठेवायचं हे ज्याने ठरतं ते टोन, इक्वलायझर, काय हवं ते म्हणा.

इक्वलायझर हा शब्द मुळात टेलिफोनवाल्यांचा. लांब तारेतून जाताना आवाजाचा शेंडा वाटेत झिजतो. तो पलीकडच्या टोकाला भरून द्यायचा, म्हणजे निघाला तसा पोचला. वाटेत हरवलेलं परत देणं, असा सभ्य अर्थ. आमच्या मुलखात येईपर्यंत त्याचा अर्थ झाला, मला आवडतं ते मला जास्त वाढा.

माझी उमेदवारी झाली फिरत्या तंबूतल्या बोलपटावर. भातं झोडून झाली की तंबू शहापूरच्या माळावर लागायचा, तिथून मुरबाडला जायचा. त्या मशीनला एकच बटण होतं, टोनचं. मालकाची श्रद्धा अशी की ते फिरवलं की काहीतरी वाढतं. वाढत काही नव्हतं. ते बटण फक्त काढून घ्यायचं; आवाजाचा शेंडा जमिनीत सोडून द्यायचं, बस. बहुतेक माणसांना आपलं काय गेलं हे कळत नाही आणि गोड झालं एवढंच कळतं. त्यामुळे ते बटण फार लोकप्रिय होतं.

आमच्याकडे पोचेपर्यंत फिल्म साऱ्या मुलखात फिरून ओरखडलेली असायची. चित्र सुरू झालं की भोंग्यातून पाऊस पडायला लागायचा. "तो पाऊस बंद कर," मालक म्हणाला. मी बटण पार शेवटाला नेलं. पाऊस थांबला. नायिका बागेत उभी राहून काहीतरी फार दुःखाचं बोलत होती, ते घोंगडीखालून ऐकू यायला लागलं. मागून एक जण ओरडला, "बाईला पडसं झालाय! सुंठ द्या कोन तरी!" सगळा तंबू हसला. मी आणि मालक मात्र पाऊस थांबला म्हणून खूश होतो. नायिका मेली तेव्हाही लोक हसतच होते.

पुढे मी स्वतःचं जुनं मशीन घेतलं, दोन कर्णे घेतले आणि धंद्याला लागलो. या मशीनला दोन बटणं होती, एक बुडाचं आणि एक शेंड्याचं, आणि ही दोन्ही बटणं काढूनही घ्यायची आणि वाढवूनही द्यायची. शिवाय एक खटका होता. एका बाजूला भाषण, दुसऱ्या बाजूला संगीत. भाषणाकडे टाकला की बूड आपोआप कमी व्हायचं. गावात वीज नव्हती, सगळा कारभार बॅटऱ्यांवर. त्या कल्याणहून भरून आणायच्या, आसनगाव स्टेशनात उतरवायच्या आणि बैलगाडीत घालून गावोगाव न्यायच्या. वाटेत तेजाब हिंदकळून धोतरावर पडायचं. त्या काळात माझ्याकडे भोकं नसलेलं धोतर नव्हतं.

पण सगळ्यात मोठा इक्वलायझर म्हणजे कर्णा, आणि त्याला बटणच नसतं. आखूड कर्ण्यातून अगदी खालचं बूड निघतच नाही. मशीनवर कितीही वाढवा, आतला पडदा नुसता फडफडतो आणि एक दिवस फाटतो. हे मी मुरबाडच्या एका लाकूडवाल्या शेठला समजावून सांगितलं. त्याच्याकडे सत्यनारायण होता.

"ते मला सांगू नको. घुमला पायजे," शेठ म्हणाला.

घुमवला. अध्याय अर्ध्यावर असताना पडदा फाटला आणि भटजींच्या प्रत्येक शब्दामागे कोंबडी फडफडायला लागली. युद्धाचे दिवस, नवा पडदा मिळणं मुश्कील. मी डोकं धरून बसलो. शेठ हसत हसत आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता कसा घुमला!"

वक्त्यांची जात त्याहून वाईट. माणूस स्वतःचा आवाज स्वतःच्या कवटीच्या हाडांतून ऐकतो, म्हणून त्याला तो भरदार वाटतो. भोंग्यातून खरा ऐकला की त्याचा अपमान होतो. मुरबाडच्या बाजारात एक पुढारी बोलायला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि थांबले.

"हा माझा आवाज नाही," ते सगळ्यांसमोर मला म्हणाले.

त्यांचाच होता. पण मी धंदेवाईक माणूस. बूड वाढवलं, शेंडा छाटला, खटका संगीताकडे टाकला. त्यांचं भाषण रांजणात मुसळ फिरवल्यासारखं व्हायला लागलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या दिवशी मुरबाडच्या बाजारात त्यांनी लोकांना काय करायला सांगितलं ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळे विरोधही झाला नाही. जाताना त्यांनी माझी तारीफ केली.

माझा भागीदार जयराम मला तेव्हाच म्हणाला होता, "बघ, मी काय सांगत होतो? बूड पायजे." जयराम भजनात मृदंग वाजवायचा. मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावून लावून त्याच्या कानालाही कणीक लागली होती. बुडापलीकडे त्याला काही ऐकू येत नसे. मशीनपाशी त्याला मोकळा सोडला की दोन मिनिटांत सगळं घूं घूं व्हायचं. अशा माणसाच्या हातात मी माझ्या लग्नातलं मशीन दिलं.

मुलगी किन्हवलीच्या पुढच्या एका गावची. नाव पारू. बघायला गेलो तेव्हा चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवताना तिने माझ्या धोतराकडे पाहिलं आणि आत जाऊन बहिणीला सांगितलेलं मला ऐकू आलं, "नवरा बरा हाय गो, पन धोतराची चाळन झालीय." मला ती त्याच क्षणी पसंत पडली. तिच्या बापाला, धर्मा पाटलांना, मी मात्र पसंत नव्हतो. साखरपुड्याच्या पंगतीत अंगणातल्या माझ्या ग्रामोफोनला कुणी हात लावला म्हणून मी उष्ट्या हाताने उठून धावलो होतो. ते त्यांनी पाहिलं होतं.

हळदीच्या दिवशी ते आमच्या बिऱ्हाडी आले. माझी माणसं खर्डीहून आलेली, सगळी बसलेली. पाटील माझ्यासमोर उकिडवे बसले.

"जावय, पोरगी मी मानसाला देतो, भोंग्याला नाय. लग्नाला भोंगा लाव, माझी ना नाय. पन पाटाव बसलास का बसलास. यंत्राला हात लावायला उठलास तं लगीन मोडलं समज. पोरीला मी दुसरा बगीन."

"नाही उठणार," मी म्हणालो.

"तुझ्या आवशीची शपथ?"

घेतली. आई शेजारीच होती. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की शपथेचं काही खरं नाही हे तिला आधीच कळलं असावं.

आमच्याकडे तेव्हा लग्न धवलारीण लावायची. धवलारीण म्हणजे लग्नातले धवले गाणारी म्हातारी बाई. तिचं गाणं ही करमणूक नव्हे, तिचं गाणं हाच विधी. नवरा-नवरी पाटावर बसली की ती एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. गावदेवी, शेतावरचा चेडा, वेशीवरचा वाघोबा, घरातली मेलेली माणसं. तिने ओळ म्हटली की बायका ती उचलून परत म्हणतात. बायकांनी उचलली की तो देव मांडवात आला. नाही उचलली तर आला नाही. इतकं सरळ.

आमची धवलारीण होती भिमाय, पाटलांची चुलती. तिचा आवाज पातळ, नाकातला, सुरीसारखा. आणि मी, या विद्येत मुरलेला, ठरवून बसलो की माझ्या लग्नाचे धवले दोन्ही कर्ण्यांतून पलीकडच्या पाड्यापर्यंत जायला पाहिजेत. देवांना काय बहिरे समजत होतो कोण जाणे. माईक भिमायच्या आणि नवरीच्या मध्ये ठेवला. एक कर्णा मांडवाच्या तोंडाशी, दुसरा खळ्याच्या बाजूला. मांडवात व्याही, पाहुणे, मानकरी यांनी जागा अडवलेली, म्हणून गाणाऱ्या बायका खळ्याकडच्या कर्ण्याखाली बसवल्या. माझीच व्यवस्था. त्यांना भिमाय दिसत नव्हती, नुसता भोंगा ऐकू येत होता.

सकाळी मी बटणं स्वतः बसवली. शेंडा पूर्ण उघडा, बूड अर्धं, खटका भाषणावर. जयरामला म्हटलं, "हात लावायचा नाही."

"मी कशाला लावीन?" जयराम म्हणाला.

गोरज मुहूर्त होता. गुरं परतायला लागली, आम्ही पाटावर बसलो, भिमायने पहिली ओळ घेतली. गावदेवी आली. चेडा आला. आवाज असा सुरेख लागला होता की मी बाशिंगाच्या आडून धर्मा पाटलांकडे पाहून मान डोलावली. आणि वाघोबाला बोलावण्याच्या वेळी जयरामला राहवलं नाही; त्याने शेंडा छाटला आणि खटका संगीताकडे टाकला.

भिमाय एकदम जाड झाली. मडक्यात तोंड घालून गात असल्यासारखी. खळ्याकडच्या बायकांचा सूर डळमळला आणि थांबला. भिमायने तीच ओळ परत म्हटली. बायका गप्प. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा तिकडून एक बाई ओरडली, "काय बोलते गो ती? काय कळत नाय!"

वाघोबा वेशीवर उभा राहिला.

मी जयरामला डोळ्यांनी खुणावलं. त्याने खुशीत मान हलवली. मी सुरीने खाली, खाली, अशी खूण केली. तो समजला की बूड, अजून बूड. त्याने तेही बटण टोकाला नेलं. आता भोंग्यातून घूं असा आवाज सुरू झाला, तोच आवाज माईकमध्ये शिरून परत भोंग्यातून मोठा होऊन यायला लागला, बैलांनी दावी ताणली, पोरं कान झाकून हसायला लागली. भिमायचा चेहरा उतरला. म्हातारीने आयुष्यात शेकडो लग्नं लावली असतील. तिची ओळ बायकांनी खाली पाडली असं कधी झालं नव्हतं. बायका एकमेकींत बोलायला लागल्या, "म्हातारीचा घसा गेला." आणि गुरांची शेवटची घंटा वेशीतून आत आली, म्हणजे मुहूर्तही चालला.

इथे शहाणा माणूस कुणाला तरी हाक मारून "त्या जयरामला उठवा" असं सांगतो. मला ते सुचलं कधी, तर मांडवाबाहेर मशीनपाशी पोचल्यावर. जयरामला कोपराने ढकललं, बूड पार काढलं, शेंडा उघडला, खटका भाषणाकडे टाकला. घूं बंद. मांडवात कुणाची तरी बांगडी वाजली ती मला खळ्याकडच्या भोंग्यातून ऐकू आली. इतका स्वच्छ आवाज मी उभ्या धंद्यात काढला नव्हता. अंगावरची हळद बटणांना लागली होती.

आणि त्या स्वच्छ आवाजात, स ला स आणि च ला च, भिमाय बोलली, "नवरा कुठं गेला? मेला पाट सोडून उठला!"

खळ्याकडच्या बायकांनी ओळ उचलली. खरंच उचलली. बिचाऱ्यांना वाटलं, धवलाच सुरू झाला. "मेला पाट सोडून उठला" हे त्यांनी सुरात म्हटलं आणि पलीकडच्या पाड्यावरून कुत्री भुंकली.

धर्मा पाटील उठून उभे राहिले. मांडवातलं हसू विझलं.

"काय सांगितला होता मी तुला?"

आईने पदर तोंडाला लावला. माझा मामा पुढे होऊन काही बोलणार तोच पाटलांनी हात वर केला. "आवशीची शपथ घेऊन उठला. उद्या घराला आग लागली, पोर आजारी पडला, तरी हा भोंग्याकडं पळल. मोडलं लगीन. उचला पाट."

पाट उचलायला दोघे वाकले. पारू तशीच बसली होती, मान खाली. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की मी काय करून बसलो. आणि तेव्हाही माझा एक हात बटणावरच होता.

"पाट ठेवा रे," भिमाय म्हणाली. "धर्मा, देव अर्धे आलेत, अर्धे वाटंला हायेत. आलेल्यांना काय सांगू, जा म्हनून? परत बसला तं मी परत पयल्यापासून बोलवीन. मुहूर्ताचा काय ते देव बगंल."

"आन् उद्या परत उठला तं?"

"नांदायचा कुनाला? तुला का तिला? तिला इचार."

"येवढ्या लोकांत पोरीला काय इचारायचा?"

"लोकांत कशाला? माझ्या कानात सांगंल." भिमायने पारूच्या तोंडाशी कान नेला. "बोल गो. करायचा का ह्याच्याशी?"

दोघींच्या मध्ये माईक होता. तो काय चीज आहे हे त्या दोघींनाही धड माहीत नव्हतं. मला होतं. मशीन बंद करायला माझं बोट पुरेसं होतं. पण आवाज असा लागला होता की तो मोडायला माझं मन होईना. मला लाज वाटते हे सांगायला, पण त्या क्षणी मी कान टवकारून, शेंडा आणखी एक केसभर उघडला.

दोन्ही कर्ण्यांतून, खळ्यापर्यंत आणि पलीकडच्या पाड्यापर्यंत, पारूची कुजबूज अक्षर न् अक्षर पोचली.

"करते, आजे. पन आधी त्या येड्याला पाटाला बांधा."